चूक माझीच, साहेब

जहाजावर माणूस जखमी झाला तर कायदा काय म्हणतो, हे माझ्याएवढं सांगणारा अख्ख्या दिघीत दुसरा सापडायचा नाही. खुद्द समुद्र मी बघितला तो सगळं प्रकरण संपल्यावर, आणि पहिली लाट पायाशी आली तशी चपला तिथंच टाकून मागं पळालो. हे मी बोलतोय आणि पुतणी तिच्या मोबाइलमध्ये टाइप करतेय. ती पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहते, आणि मला म्हणते, "काका, तुम्ही शिकला नाहीत ते एका अर्थानं बरं झालं. नाहीतर हे तुम्ही स्वतः लिहिलं असतंत आणि दुरुस्त मला करावं लागलं असतं." शाळेत मी गेलो नाही असं नाही. गेलो होतो. शाळेनंच ठेवून घेतलं नाही.

आम्ही मूळचे बीडकडचे. आबा गेल्यावर माय आम्हा दोघा भावांना घेऊन दिघीला आली. पत्र्याच्या दोन खोल्या, मागं मिलिटरीची हद्द. सकाळी तिकडं फायरिंगचा सराव सुरू झाला की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायला लागायची. नवीन पाव्हणा असला तर चहाचा कप सांडायचा. माय मात्र एका हातानं ताटल्या धरायची आणि दुसऱ्या हातानं भाकरी फिरवायची, थापायचा ताल मोडायचा नाही. शेजारच्या गल्लीत पत्र्याचे भाग ठोकून काढणारं प्रेसशॉप होतं, तिथला दणका दिवसभर. मागून धडधड, बाजूनं दणदण, आणि मध्ये माय हुलग्याचं पीठ मळत बसलेली. आमच्याकडं सगळे मोठ्यानं बोलतात त्याचं कारण हेच. पुढं सोसायटीत गेल्यावर पुतणीच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली, तुमचे काका भांडतात का म्हणून. मी तिला फक्त मीठ मागत होतो.

दादा माझ्यापेक्षा मोठा, दिगंबर नाव. भोसरीला फॅब्रिकेशनच्या शॉपात वेल्डर होता. त्याचा हात असा होता की त्यानं मारलेला वेल्ड बघून सेठ गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बोट फिरवून बघा, सांधा सापडला तर जॉब फुकट." मी त्याच लाइनीत पुढं एका प्रेसशॉपात लागलो होतो. माझ्याबद्दल सेठ गिऱ्हाइकाला काही म्हणायचा नाही, गिऱ्हाईक आलं की मला मागं पाठवायचा. एक दिवस एक एजंट आला आणि सांगून गेला की जहाजावर फिटर लागतात, वेल्डिंग येणारे. जहाजावर वेल्डर लागतो हे मला तेव्हा कळलं. माझी समजूत अशी की जहाज एकसंध असतं, टोपासारखं. दादा गेला. परत आला तो माझ्यासाठी घड्याळ घेऊन, मायसाठी भलतीच जाड गोधडी घेऊन. मग त्याचं लग्न झालं, सुमनवहिनी घरात आली, ही टाइप करणारी पुतणी झाली, आणि दादा परत जहाजावर गेला. त्या खेपेला आला तो उजवा हात गळ्यात बांधून.

झालं ते त्यानं आल्या आल्या सांगितलं ते असं. इंजिनरूममध्ये एका पंपाचं जड झाकण चेनपुलीला टांगलं होतं. चेनपुली म्हणजे साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र, आमच्याकडं प्रत्येक वर्कशॉपात असतं. त्या चेनपुलीचा खटका झिजलेला होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. सेकंड साहेब, म्हणजे तिथला दोन नंबरचा इंजिनिअर, म्हणाला, बंदर जवळ आलंय, एवढं उरकून घे. दादानं हात आत घातला आणि साखळी सुटली. पंजा चेंगरला. बोटं राहिली, पण मूठ मिटेना. ज्या हातानं सांधा दिसू दिला नाही, त्या हातात पाण्याचा तांब्या राहीना.

आता पुढचं ऐका, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. कॅप्टन विचारायला आला. सेकंड साहेब त्याच्यामागं उभा, तोंड पांढरं पडलेलं. माणूस चांगला होता, दादाला दिवाळीला स्वतःच्या डब्यातला चिवडा द्यायचा. दादानं त्याच्याकडं बघितलं आणि कॅप्टनला त्याच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "साब ने रुकने को बोला था. मैंने नहीं सुना. मेरी गलती." कॅप्टननं मान हलवली. झालं. कंपनीनं नंतर कळवलं, तुम्हाला थांब म्हटलं होतं, तुम्ही हुकूम मोडला, तेव्हा आमचं तुमचं काही देणंघेणं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल दादा वेडा होता. आमच्याकडं कुणालाच वाटलं नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत छोट्या शॉपांत तेव्हा ही पद्धतच होती. मशीनमध्ये बोट गेलं की रक्त थांबायच्या आधी माणूस म्हणायचा, "सेठ, माझंच लक्ष नव्हतं." मग सेठ स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात न्यायचा, सेठाणी डबा पाठवायची, आणि बरं झाल्यावर तुम्हाला बसून करायचं काम मिळायचं. जो म्हणाला की मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, काढून ठेवली होती, त्याला दवाखाना तर मिळायचा, पण पुढं कुठल्या गेटवर काम मिळायचं नाही. कुणी शिकवत नव्हतं हे. नमस्कार करायला कुणी शिकवतं का, तसंच. दादानं भोसरीचे मॅनर्स समुद्रात पाळले, एवढंच झालं.

माझं स्वतःचं बोट असंच गेलं होतं, उजव्या हाताचं, वरचं पेर. सेठनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बाहेरून पिवळ्या ड्रेसवाली पोरगी चालली होती, तिच्याकडं बघत होतो." सेठ हसला, मशीनवरची पोरं हसली, मीही हसलो आणि मग चक्कर येऊन पडलो. पोरगी वगैरे कुणी नव्हती. गार्ड काढलेला होता, जॉब लवकर निघावेत म्हणून. पण ती गोष्ट लोकांना आवडली. लग्नात, टपरीवर, जिथं जाईन तिथं, "भान्या, पिवळ्या ड्रेसचं सांग." सांगता सांगता मी तिला वेणी दिली, वेणीत अबोली दिली. आता चाकणच्या मोठ्या कंपन्यांत मशीनसमोर उजेडाचा पडदा असतो, हात आत गेला की प्रेस आपोआप थांबतो. तिथं आता पोरगी गेली काय आणि आली काय.

वकीलबाई वहिनीनं शोधल्या. ती आकुर्डीला बहिणीकडं गेली होती, स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानावर तिनं पाटी बघितली, की इथं जहाजावरच्या अपघाताचे खटले चालवले जातात. ती पाटी आकुर्डीत प्रसिद्ध होती, पण हसण्यापुरती. मीच म्हणायचो, पवनेत होडी उलटली तर जायची सोय झाली. वहिनी हसली नाही. ती सरळ जिना चढून वर गेली आणि वेळ ठरवून आली.

त्यांचं आडनाव मुलाणी, आम्ही मुलाणीबाई म्हणायचो. वडील भोसरीत कारखान्यांतल्या जळालेल्या विजेच्या मोटारींना तारेचं वायंडिंग करायचे. बाई सुती साडी नेसायच्या आणि पायात पळायचे बूट घालायच्या. आवाज एवढा हळू की आमच्या घरच्यांना पुढं वाकून ऐकावं लागायचं, आणि सगळे गप्प झाले की कळायचं, त्यांना हवं होतं ते झालं. ऑफिसच्या भिंतीवर जहाज उभं चिरल्यासारखं एक मोठं चित्र होतं, आतल्या सगळ्या खोल्या दिसायच्या. मी विचारलं, "मॅडम, ह्यात लोक बसतात कुठं?" त्या म्हणाल्या, "बसत नाहीत. काम करतात." पहिल्याच भेटीत मी ओळख करून घेतली ती अशी.

त्यांनी आम्हाला कायदा सांगितला, तो मला एकट्याला समजला नाही. आधी त्या म्हणाल्या, कामावर इजा झाली तर चूक कुणाची हे बघायचं नसतं, भरपाई द्यायचीच असते. मी म्हणालो, मग संपलं. त्या म्हणाल्या, संपलं नाही. जिवाला धोका होऊ नये म्हणून दिलेला हुकूम माणसानं मुद्दाम मोडला असेल तर मालक सुटतो. आणि तुमच्या भावानं तेच सांगून ठेवलंय. म्हणजे चूक बघायची नाही, पण चूक सांगितली म्हणून अडकलो. मी घरी येईपर्यंत बसमध्ये हाच विचार करत होतो आणि स्टॉप चुकलो.

पुण्याच्या कामगार कोर्टातली पहिली तारीख. कंपनीचे वकील पांढऱ्या केसांचे, मुंबईहून आलेले. मुलाणीबाई त्यांना बघून उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार सर." ते म्हणाले, "काय गं, वडील बरे आहेत ना? चहा घेतलास?" आणि दोघं कोपऱ्यात जाऊन चहा प्यायले. माय बाकावर बसून बघत होती. तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिच्यासमोर ताटातली भाकरी उचलून नेली. घरी आल्यावर म्हणाली, "तिला जेवायला बोलवा. मला बघायचंय ती काय खाती."

बाई आल्या. बूट दाराशी काढले, जमिनीवर मांडी घातली. मायनं शेंगोळे केले होते, हुलग्याच्या पिठाचे, लसणाचा झणझणीत रस्सा. बाईंनी पहिला घास घेतला आणि डोळ्यातनं पाणी आलं. दुसरा घास घेतला तेव्हा मायनं विचारलं, "त्यो पांढऱ्या केसाचा, तुमचा कोण लागतो?"

"माझे सर. त्यांच्याच ऑफिसात मी काम शिकले. सात-आठ वर्षं होते तिथं, मुंबईला."

"म्हंजी तुमी जहाजवाल्यांच्या वकील व्हता."

"होय."

दादाचा डाव्या हातातला घास तसाच राहिला. वहिनीनं पोरीला मांडीवरून खाली ठेवलं. मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी त्यात भाकरीच घातली.

"माझं काम काय होतं सांगते," बाई म्हणाल्या. आवाज तोच, हळू. "जहाजावर माणूस जखमी झाला की आमच्याकडं फोन यायचा. मी कॅप्टनला सांगायची, आधी त्याची विचारपूस करा. त्याला पाणी द्या. मग विचारा, कसं झालं. आपल्याकडची माणसं असतील तर घाई करू नका, ती आपणहून सांगतील, चूक माझी. मला माहीत होतं ना. मी भोसरीचीच. कोर्टात मग मला फारसं काही करायला लागायचं नाही."

"किती जणांचं केलंत असं?" वहिनीनं विचारलं.

"पुष्कळ."

"मग सोडलं का?"

बाईंनी भाकरीनं ताटातला रस्सा पुसून घेतला. "वडिलांना दुकानात शॉक बसला. दुसऱ्याच्या कारखान्यातली मोटार होती, मेन स्विच त्यांच्या माणसानं चालू केला होता. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो मालक कॉटजवळ उभा होता आणि वडील त्याला म्हणत होते, साहेब, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, चूक माझीच. आणि मी पर्समधून पेन काढलं. सवयीनं. बापाकडं बघायच्या आधी पेन काढलं."

बाहेर प्रेसचा दणका चालू होता. मायनं विचारलं, "मग? कुणाची व्हती चूक?"

"वडील आजही म्हणतात, त्यांचीच. असेलही. मला आता ठरवता येत नाही."

"आन आता तू कुणाची? आमची का त्यांची?" माय 'तुमी'वरून 'तू'वर आली होती.

"सध्या तुमची."

"सध्या," माय म्हणाली, आणि बाईंच्या ताटात आणखी शेंगोळे वाढले. मायनं माफ केलं का नाही ते मला आजही सांगता येत नाही. तिखट मात्र तेवढंच होतं.

जेवण झाल्यावर बाईंनी कामाला सुरुवात केली. त्यांना चेनपुली डोळ्यांनी बघायची होती, कोण कुठं उभं होतं, आवाज कुठून आला. आमच्याकडं चेनपुली कुठली. मी म्हणालो, मी करतो सोय. आढ्याच्या लोखंडी पाइपाला कपडे वाळत घालायची दोरी टाकली आणि तिला मोठा कुकर बांधला, पंपाचं झाकण म्हणून. दादा खाली बसला, मी सेकंड साहेब झालो. बाई म्हणाल्या, "आता तो काय म्हणाला ते म्हणा." मी छाती काढून म्हणालो, "उरक लवकर, बंदर आलं." दादा म्हणाला, "असं न्हाई. ते हळू बोलले." मग थांबला. "उरक म्हणले का थांब म्हणले? मला आता दोन्ही ऐकू येतंय." बाईंनी त्याच्याकडं बघितलं. दादा आपल्या हाताकडं बघत होता. कॅप्टनला सांगितलं, एजंटला सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, आणि प्रत्येक वेळी साहेबानं थांब म्हटलेलं त्याला जरा जास्त स्पष्ट ऐकू येत गेलं होतं.

तेवढ्यात मी बांधलेली गाठ सुटली. कुकर थेट माझ्या पायावर. मी एका पायावर नाचत काय म्हणालो असेन? "काही न्हाई, काही न्हाई, माझीच चूक, मीच मध्ये आलो."

मुलाणीबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "गाठ कुणी बांधली होती?"

"मीच."

"ते राहू दे. हे सगळं करून दाखवायला कुणी सांगितलं? मी सांगितलं. तरी तुम्ही मला काही म्हणाला नाहीत." मग त्या वहिनीकडं वळल्या. "ह्यांना साक्षीला घेते. इकडची पद्धत काय आहे एवढंच कोर्टाला सांगायचं. भानुदास, मघाशी मला सांगितलंत तेच, तुमच्या बोटाचं कसं झालं आणि तुम्ही सेठला काय सांगितलंत, दोन्ही सांगायचं. गार्ड काढलेला होता हे सांगायचं. जमेल?"

मी म्हणालो, "मॅडम, बोलण्यात आपला हात कुणी धरत नाही." वहिनीनं सुस्कारा सोडला तो मी आनंदाचा समजलो.

कोर्टात आधी दादा उभा राहिला. बाईंनी विचारलं, साहेबांनी तुम्हाला थांबायला सांगितलं होतं का. सगळ्या खोलीत पंख्याचा आवाज. दादानं मान खाली घातली, वर केली, आणि म्हणाला, "म्हणले असतील." एवढंच. बाईंचा चेहरा हलला नाही. मागं बसलेल्या वहिनीनं पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं होतं, ते मी बघितलं. हात गेला तो गेला, पण आता जिथं जाईल तिथं त्याच्याबद्दल हेच सांगितलं जाणार होतं, हा न ऐकणारा माणूस. दादानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही असं कधी झालंच नव्हतं. त्याच ऐकण्यानं तो तिथं उभा होता.

मग मी. अंगात दादाचा लग्नातला शर्ट, केसाला तेल. बाईंनी पद्धतीचं विचारलं, ते मी बरं सांगितलं. आवाज जरा मोठा झाला, न्यायाधीश म्हणाले, हळू बोला, मी म्हणालो, साहेब, आमच्याकडं मिलिटरी आहे. लोक हसले. तिथंच सगळं बिघडलं. लोक हसले की माझं तोंड माझं राहत नाही. कंपनीचे पांढऱ्या केसांचे वकील उठले, आणि फार मायेनं म्हणाले, "भानुदास, तुमचं हे बोट कसं गेलं हो?"

आणि मी पिवळ्या ड्रेसची गोष्ट सांगितली. सगळी. वेणीसकट, अबोलीसकट. गार्ड काढला होता हे माझ्या डोक्यात होतं, अगदी जिभेवर होतं, पण खोली हसायला लागली होती आणि मला वाटलं, आधी एवढं पुरं करतो. न्यायाधीशांनीही तोंडावर हात घेतला. वकील म्हणाले, "म्हणजे लक्ष नव्हतं." मी म्हणालो, "लक्ष होतं, पण दुसरीकडं." ते बसले. त्यांना आणखी काही विचारायचंच नव्हतं.

मुलाणीबाई परत उठल्या. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भानुदास, नीट आठवा. ती मुलगी खरंच होती का?" आता मी काय सांगू तुम्हाला. मी आठवायला गेलो आणि ती मला दिसली. दुपट्टा उडतोय, अबोलीचा गजरा. मी म्हणालो, "मॅडम, आधी नव्हती. आता आहे."

निकाल विरुद्ध गेला. न्यायाधीशांनी म्हटलं, कामगारानं हुकूम मोडल्याचं स्वतःच कबूल केलंय, आणि पद्धत वगैरेचा जो साक्षीदार आणला तो स्वतःच निष्काळजी दिसतो. पुतणी म्हणते, काका, हे वाक्य लिहू का नको. लिही. माझ्याबद्दल सरकारी कागदावर एवढंच काय ते लिहिलं गेलंय.

बाईंनी हायकोर्टात अपील केलं. माझा तेव्हा असा समज की तिथं परत सगळं पहिल्यापासून होणार, आणि ह्या वेळी मी पोरगी मध्ये आणणार नाही. मी आकुर्डीला जाऊन त्यांना तसं वचन दिलं. त्या म्हणाल्या, "तिथं तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. तिथं साक्षीदार नसतात. खाली विचारतात, काय झालं. वर विचारतात, खालच्यांनी विचारायचं ते विचारलं का." मी म्हणालो, मग काय झालं ते कोण बघणार. त्या म्हणाल्या, "ते बघून झालं." मी जिना उतरताना दोनदा थांबलो, परत वर जाऊन विचारावं म्हणून. विचारलं असतं तरी तेच कळलं असतं.

ह्या बाईंनी आयुष्यभर दोन्ही कामं केली, हे मला तेव्हा उमगत नव्हतं. खालच्या कोर्टात माणसाला उभं करून बोलतं करायचं आणि वरच्या कोर्टात माणूस बाजूला ठेवून नुसता प्रश्न घेऊन उभं राहायचं. खालचं काम त्यांच्या हाताला बसलं होतं ते दुसऱ्या बाजूला असताना. वरचं त्या आमच्यासाठी उभ्या राहून शिकत होत्या असं मला वाटायचं. पण मला काय वाटतं त्याला काय अर्थ आहे, मला ती पोरगीसुद्धा दिसते.

मुंबईला दादाला दोनदा जावं लागलं. मी दुसऱ्या वेळी बरोबर गेलो. मोठी खोली, काळे कोट, सगळं इंग्रजीत. मला नुसते चेहरे कळत होते. पांढऱ्या केसांचे सर बराच वेळ बोलले. मग न्यायाधीशांनी त्यांना एकच काहीतरी विचारलं, आणि ते कागद उलटायला लागले. उलटत राहिले. मुलाणीबाई बसून होत्या, पायातले बूट एकमेकांना टेकवून.

बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं काय झालं ते. न्यायाधीशांनी विचारलं होतं, हुकूम कुठं आहे? कुणी दिला, कधी दिला, तो देणारा साहेब साक्षीला का आला नाही? तुमच्याकडं आहे ते नुसतं जखमी माणसाचं बोलणं, त्याला माफी म्हणतात, हुकूम नाही. सेकंड साहेबाला कंपनीनं कधी आणलंच नव्हतं, आणि बाईंनी वरच्या कोर्टात तेवढं एकच धरून ठेवलं होतं. अपील मंजूर झालं, कंपनीला भरपाई द्यावी लागली. दादा न ऐकणारा माणूस नाही, असं हायकोर्टानं सांगितलं. सर बाहेर आले, बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझंच शिकून माझ्यावर," आणि हसत गेले.

दादा मात्र हसला नाही. तो जिन्यावर उभा राहून म्हणाला, "बाई, एक विचारू का. मग त्यांनी मला थांब म्हटलं होतं का न्हाई?"

बाई म्हणाल्या, "ते कोर्टानं ठरवलेलं नाही. ते सिद्ध झालं नाही, एवढंच ठरवलंय."

"म्हंजे मला कुणी सांगणार न्हाई."

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांनाही मी विचारणं सोडलंय."

मग आम्ही समुद्रावर गेलो, तो प्रकार मी सांगितलाच आहे. दादा मात्र पाण्याकडं पाठ करून बसला. आजही तो टीव्हीवर जहाज आलं की आवाज कमी करतो. त्याचं आता दिघीला वेल्डिंगचं दुकान आहे, हाताखाली पोरं आहेत, आणि कुणाला भाजलं तर पोरगं काही बोलायच्या आधी दादा ओरडतो, "गप. काही बोलू नकोस. आधी पाण्याखाली हात धर."

मुंबईहून परत आल्यावर मी पेढे आणले आणि गल्लीतली माणसं दारात गोळा केली. दादा आत जाऊन आडवा झाला होता. मी सांगत होतो की हायकोर्टाच्या जज्जांनी माझी साक्ष कशी वाचली असेल, पिवळ्या ड्रेसवर आल्यावर त्यांच्या ओठांवर कसं हसू आलं असेल, आणि गरिबाचं भोळेपण बघून त्यांचं मन कसं पाघळलं असेल. लोकांना पटत होतं. माय सुद्धा मान हलवत होती. वहिनी केरसुणी घेऊन आतून आली आणि माझ्या पायापर्यंत झाडत आल्यावर थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "साक्षीच्या त्या दिवशी तुम्ही घरी थांबला असता तर ह्यांना मुंबईला जायची वेळच आली नसती. सरका, तिथला केर राहिलाय."